विमा ३ लाखांचा, बिल २ लाख ४२ हजारांचं, तरी १ लाख १७ हजार खिशातून का गेले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचं वय ६६. २०१२ पासून ३ लाखांची पॉलिसी, एकही हप्ता चुकवलेला नाही. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, संसर्ग होता म्हणून ६ दिवस ठेवलं. बिल झालं २,४१,८०० रुपये. कंपनीने दिले १,२५,१००. उरलेले १,१६,७०० मुलाने भरले, त्यातले काही मित्राकडून उसने घेऊन. "बिल विम्याच्या रकमेपेक्षा कमी आहे, मग आम्ही का भरायचं? मग विमा कशाला?" असं त्यांनी विचारलं आहे.

मी १९ वर्षं पुण्यातल्या रुग्णालयांच्या विमा विभागात, म्हणजे ज्या खिडकीला लोक 'टीपीए डेस्क' म्हणतात तिथे, काम केलं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. आता लोकांना दाव्याची कागदपत्रं वाचून देतो. तुम्ही पाठवलेलं बिल, रुग्णालयाचं दरपत्रक, सेटलमेंट लेटर (दाव्यातलं किती मान्य, किती कापलं ते सांगणारं कंपनीचं पत्र) आणि पॉलिसीची प्रत ओळ न् ओळ वाचली. आधी निष्कर्ष सांगतो. १,१६,७०० मधले १४,४०० रुपये कंपनीने चुकीने कापले आहेत आणि ते परत मागता येतील. राहिलेले १,०२,३०० पॉलिसीच्या अटींप्रमाणेच गेले. पण त्यातले तब्बल ७२,३०० रुपये वडिलांना दाखल करताना घेतलेल्या एका निर्णयामुळे गेले. तो निर्णय होता खोलीचा.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का आहे, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. अतिदक्षता विभागासाठी २ टक्के. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींमध्ये ही अट सर्रास असते. तुम्ही ६,००० रुपयांची सिंगल रूम घेतलीत. तुमचा हिशेब साधा होता: दिवसाला ३,००० जास्त, सहा दिवसांचे १८,०००, तेवढे आपण भरू. बहुतेक सगळे असाच हिशेब करतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण त्या खिडकीवर दुसरा हिशेब कुणी सांगतच नाही.

प्रत्यक्षात रुग्णालयात खोलीच्या वर्गावर जवळजवळ सगळ्याचेच दर ठरतात. तेच सर्जन, तेच ऑपरेशन थिएटर, तेच भूलतज्ज्ञ. पण रुग्ण सिंगल रूममध्ये असला की सर्जनची फी, ओटीचं भाडं, डॉक्टरांच्या व्हिजिटचा दर, नर्सिंगचा आकार सगळं वर जातं. विमा कंपनी म्हणते, आम्ही हप्ता घेतला तो ३,००० रुपयांच्या खोलीचा. तुम्ही ६,००० ची घेतलीत, म्हणजे बाकीचा वाढलेला खर्चही आमचा नाही. म्हणून ती ३,००० भागिले ६,००० असं प्रमाण काढते आणि खोलीशी बांधलेल्या सगळ्या खर्चांना ते लावते. तुमच्या बाबतीत ते निम्मं आलं. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. रुग्णांच्या खिशाला सगळ्यात मोठं भगदाड हीच अट पाडते, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

तुमचं बिल मी चार ढिगांत मांडलं. खोली ३६,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी १,८००, कारण दिवसाला ५,००० पेक्षा महाग खोलीवर (अतिदक्षता विभाग सोडून) जुलै २०२२ पासून हा कर लागतो. मिळून ३७,८००, त्यातले मान्य झाले १८,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट आणि नर्सिंग मिळून १,१०,०००, त्यातले मान्य ५५,०००. औषधं ५०,०००, ती पूर्ण मान्य, आणि तपासण्या ३२,०००, त्यातले मान्य १६,०००. शेवटचा ढीग हातमोजे, किट, बेल्ट वगैरे १२,०००. हे सगळे अमान्य. मान्य झालेल्या रकमेवर शेवटी १० टक्के को-पे, कारण तुमच्या पॉलिसीत साठीनंतर प्रत्येक दाव्यात विमेदाराने १० टक्के भरायचे अशी अट आहे.

आता हाच रुग्ण, हेच ऑपरेशन, पण ३,००० ची दोघांची खोली धरून त्याच दरपत्रकावरून हिशेब करू. खोली १८,०००, जीएसटी नाही. डॉक्टर आणि ओटीचे दर त्या वर्गात ८०,००० होतात. औषधं आणि तपासण्या तेवढ्याच, ८२,०००. किटं तेवढीच, १२,०००. बिल १,९२,०००. किटं वगळून १,८०,००० मान्य, त्यातून १० टक्के को-पे १८,०००. कंपनी देणार १,६२,०००, तुम्ही भरणार ३०,०००.

एकीकडे ३०,०००, दुसरीकडे १,०२,३००. तुम्हाला जो फरक १८,००० चा वाटला होता तो ७२,३०० चा निघाला. आणि वडिलांवर झालेले उपचार दोन्हीकडे अगदी तेच.

'विमा आहे ना, मग चांगली खोली घ्या की' हे वाक्य तुम्हाला त्या दिवशी कुणीतरी म्हटलं असणार. नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, काउंटरवरची माणसंही म्हणतात. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मीही ते म्हटलं आहे, माझ्या सख्ख्या आत्यालासुद्धा. तिच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मीच तिला वेगळी खोली घ्यायला लावली, 'विमा आहे, काळजी करू नका' म्हणून. डिस्चार्जच्या दिवशी काकांनी पोस्टातली ठेव मोडली. त्या दिवसापासून मी खिडकीवर एक सवय लावून घेतली: खोलीचा फॉर्म पुढे करण्याआधी रुग्णाच्या पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ शोधायची आणि नातेवाइकाला बोट ठेवून वाचून दाखवायची. पाच मिनिटं लागतात. माझी मनापासून मागणी आहे की प्रत्येक रुग्णालयाने दाखल करतानाच हे लेखी सांगावं. आजारी माणूस स्ट्रेचरवर असताना कुणी चाळीस पानांची पॉलिसी वाचत नाही, आणि वाचावी अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

आता त्या १४,४०० रुपयांकडे येतो. कंपनीने तुमच्या तपासण्यांनाही निम्म्याचा नियम लावला आहे. सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), रक्ताच्या तपासण्या मिळून ३२,००० होते, त्यातले १६,००० कापले. हे चूक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्ये स्पष्ट केलं की प्रमाणशीर कपात फक्त खोलीच्या वर्गाशी जोडलेल्या खर्चांनाच लावायची. औषधं, वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट आणि उपकरणं, आणि निदानाच्या तपासण्या यांना ती लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही लावता येत नाही. नव्या पॉलिसींना हे १ ऑक्टोबर २०२० पासून आणि चालू पॉलिसींना १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तुमची पॉलिसी २०१२ ची असली तरी त्यानंतर दरवर्षी नवी झाली आहे, तेव्हा तिलाही ते लागू आहे. १६,००० मान्य झाले असते तर १० टक्के को-पे जाऊन १४,४०० तुमच्या हातात आले असते. रक्कम लहान वाटेल, पण हक्काची आहे.

त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जी मला फार मोलाची वाटते आणि जी लोकांना जवळपास ठाऊकच नसते. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे प्रमाणशीर कपात लावताच येत नाही. तालुक्याच्या गावातली कितीतरी दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम अशी आहेत: सर्जनची फी एकच, मग रुग्ण वॉर्डात असो की स्वतंत्र खोलीत. तिथे कंपनी फक्त खोलीभाड्यातला फरक कापू शकते. डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्यायच्या, 'आमच्याकडे खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रियेचे व डॉक्टरांचे दर बदलत नाहीत', आणि सोबत दरपत्रक जोडायचं. या एका कागदावर मी अनेकांची कपात रद्द करून घेतली आहे. तुमच्या रुग्णालयाचे दर वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या कामाला ही तरतूद येणार नाही, पण गावाकडच्या नातेवाइकांना सांगून ठेवा.

मर्यादेतली खोलीच रिकामी नसली तर काय, हेही लोक विचारतात. तसं झालं तर ते दाखल होतानाच रुग्णालयाकडून लिहून घ्या आणि टीपीएला त्याच दिवशी ईमेल करा. कपात टळेलच असं हक्काने सांगता येत नाही, पण नंतर दाद मागताना तो कागद हाताशी असतो. आणि खोली मोकळी झाल्या दिवशी लगेच बदलून घ्या.

हातमोज्यांच्या ढिगाबद्दल तुम्ही रागाने लिहिलं आहे, आणि तो राग रास्त आहे. हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया होत नाही, तरी ते 'वैद्यकीय नाहीत' म्हणून नाकारले जातात. नियामकाने अशा वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत: हातमोजे, क्रेप बँडेज, डायपर, पोटाचा पट्टा, नेब्युलायझर किट, सोबतच्या माणसाचं जेवण वगैरे. या वस्तूंचे पैसे पॉलिसीत वेगळं कलम असेल तरच मिळतात. हल्ली बऱ्याच कंपन्या थोडा जादा हप्ता घेऊन हे कलम देतात; घरात वयस्कर माणूस असेल तर मी ते घ्यायला सांगतो.

उरलेल्या तीन याद्यांचं वेगळं आहे, आणि इथे रुग्ण नाहक भरतो. त्या याद्यांतल्या वस्तूंचा खर्च खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या आकारात किंवा उपचाराच्या खर्चात धरलेलाच आहे असं मानायचं असतं. हाउसकीपिंग, एसी, इंजेक्शन देण्याचा आकार, फाइल उघडण्याचा आकार, अॅडमिशन किट, मनगटावरचा ओळखपट्टा हे सगळं खोलीभाड्यात आलं. गॉझ, कापूस, चिकटपट्टी, ब्लेड, ओटीचं बुकिंग हे शस्त्रक्रियेच्या आकारात आलं. रुग्णालयाने ते बिलात वेगळं लावलं की कंपनी कापते आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'विम्याने नाकारलं, तुम्ही भरा.' तिथे थांबायचं. रुग्णालय त्या कंपनीच्या जाळ्यातलं, म्हणजे तिच्याशी करार केलेलं, असेल तर शांतपणे सांगायचं की हे आकार खोलीत आणि शस्त्रक्रियेत समाविष्ट आहेत, बिलातून काढा. विमा विभागातल्या माणसाला हे माहीत असतं. मला माहीत होतं. नीट विचारणाऱ्याच्या बिलातून हे आकार काढले जाताना मी असंख्य वेळा पाहिलं आहे. तुमच्या १२,००० मध्ये अशा प्रकारचे ३,००० च्या वर आकार आहेत. त्यांच्यावर मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. ते रुग्णालयाकडे मागा, कंपनीकडे नाही.

आता जरा मागे जाऊन एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी ती आहे. पैसे कोण भरणार आहे यावर आपल्याकडे उपचाराची किंमत ठरते. रोख भरणाऱ्याचा दर एक, विमा कंपनीशी ठरलेला दर दुसरा, सरकारी योजनेचा तिसरा. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली तेव्हा रुग्णाने आधी भरायचं आणि मग पावत्या पाठवायच्या अशीच पद्धत होती. टीपीए आणि कॅशलेस, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देणं, २००१ नंतर आलं. बिलं फुगत गेली, आणि जुलै २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचं कॅशलेस एकाएकी बंद केलं. त्यातून ठरावीक शस्त्रक्रियांची पॅकेजं आणि ती मान्य करणाऱ्या रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं, ज्याला पीपीएन म्हणतात.

याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. जाळ्यातल्या रुग्णालयात कॅशलेस घेतलंत तर ठरलेल्या दराने बिल होतं, आणि पॅकेज ठरलेलं असेल तर त्यावरचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तुम्ही स्वतःहून वरची खोली किंवा महागडी लेन्स मागितली तर गोष्ट वेगळी. 'पॅकेज कमी आहे, वरचे रोख द्या' असं कुणी म्हणालं तर पावती मागा आणि ती कशाची आहे ते पावतीवर लिहायला सांगा. बऱ्याच वेळा मागणी तिथेच थांबते. उलट जाळ्याबाहेरच्या रुग्णालयात गेलात, स्वतः भरलंत आणि नंतर पावत्या पाठवल्यात, तर कंपनी 'वाजवी आणि प्रचलित दर' लावते आणि वरचा फरक तुमच्यावर येतो. जानेवारी २०२४ पासून साधारण विमा परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू केलं आहे: जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, ठरवून दाखल होत असाल तर ४८ तास आधी आणि तातडीने झालात तर ४८ तासांच्या आत कळवायचं. रुग्णालयाची तयारी लागते, म्हणून प्रत्येक ठिकाणी जमत नाही.

किंमत भरणाऱ्यावर ठरते हे आम्ही कोविडमध्ये फार जवळून पाहिलं. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साधा वॉर्ड ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट आणि काही औषधं-तपासण्या त्याच्या बाहेर होत्या. रुग्णालय बिल करायचं एका दराने, कंपनी मान्य करायची दुसऱ्या दराने, आणि मधली दरी भरायची ती घरातला कर्ता माणूस स्वतः ऑक्सिजनवर असलेल्या घरांनी. त्या दोन वर्षांतली ती खिडकी मी विसरू शकत नाही. विमा असलेल्या माणसालाही दराची माहिती हवीच, हे मी तेव्हा पक्कं शिकलो. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णालयाला दरपत्रक दर्शनी भागात लावणं आणि रुग्णहक्कांची सनद मांडणं बंधनकारक केलं आहे. दाखल होताना दरपत्रकाचा फोटो काढून ठेवा. तुम्ही तो काढला होता म्हणूनच वरचा दुसरा हिशेब मला मांडता आला.

तुमच्या मनात असेल की सरकारी योजनेतून हे झालं असतं का. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधी ते दीड लाखाचं होतं. यादीतला उपचार आणि योजनेतलं रुग्णालय असेल तर खाटेवर रुग्णाला एक पैसाही भरावा लागत नाही. पण एक अट लोकांना फार महागात पडते: योजनेत सुरुवातीलाच नोंद व्हावी लागते. आधी खासगी बिल भरायचं आणि मागून योजनेकडे मागायचं, असं होत नाही. साताऱ्याकडचं एक कुटुंब आईच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण ठेवून आलं होतं. पिवळं शिधापत्रक पिशवीत होतं, पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या मदतनिसाशी, त्यांची गाठ पडली तोवर निम्मे पैसे गेले होते. आरोग्यमित्राची खिडकी प्रत्येक योजनेतल्या रुग्णालयात असते. दाखल होताना आधी तिथे जा. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८. वडिलांना सत्तर पूर्ण झाली की केंद्राच्या आयुष्मान भारत या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सत्तरीपुढच्या प्रत्येकाला मिळतं, उत्पन्नाची अट नाही. गोव्यात तुमची बहीण आहे असं लिहिलंत. तिथे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख.

धर्मादाय रुग्णालयांचं तर महाराष्ट्रात वेगळंच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. विम्याची रक्कम संपली आणि उपचार अजून चालूच आहेत, अशा घरांना मी हा रस्ता दाखवतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं.

पुढच्या वर्षाचं पाहू. वडिलांच्या पॉलिसीची रक्कम वाढवणं आणि खोलीची अट काढणं, दोन्ही हवं. ६६ व्या वर्षी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करणं, म्हणजे जुने लाभ राखून पॉलिसी तिकडे हलवणं, अवघड जातं, पण प्रयत्न करा, नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी. पोर्ट करताना काही आजारांसाठी थांबायची जी वर्षं आधीच पूर्ण झाली, ती जुन्या ३ लाखांपुरती सोबत येतात. वाढवलेल्या रकमेला नव्याने थांबावं लागतं. ते नाही जमलं तर ३ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप, म्हणजे त्या रकमेपुढचा खर्च भरणारा जोड विमा, घ्या. साधा टॉप-अप नको, कारण त्यात एकेका दाव्याचा खर्च वेगळा मोजतात. सुपर टॉप-अप वर्षभराचे दावे एकत्र धरतो. आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, ही शस्त्रक्रिया, सगळं लिहा. एजंट 'लिहू नका, हप्ता वाढेल' म्हणाला तरी लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत २०२४ पासून ४ वरून ३ वर्षं झाली आहे, म्हणजे खरं सांगून थांबणं आता पूर्वीइतकं लांबत नाही. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की 'तुम्ही लपवलं' म्हणून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांत दावा आला तर लपवलेली एक ओळ सगळं घालवते. हप्त्याचं म्हणाल तर वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, आणि साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला संध्याकाळी सातपर्यंत बसवून ठेवलं आणि रात्र पडली म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं, तेही लिहिलंत. मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाकडून अंतिम बिल मिळाल्यापासून ३ तासांत कंपनीने मंजुरी द्यायची असते. उशीर तिच्याकडून झाला तर त्यापुढचा जादा आकार तिने सोसायचा. तुमच्या बाबतीत मात्र रुग्णालयानेच बिल दुपारी चारला पाठवलं, हे ईमेलच्या वेळेवरून दिसतं. तेव्हा ते अर्धं भाडं द्यायला तुम्ही नकार दिलात ते योग्यच केलंत.

आता पत्र. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, दोनच परिच्छेद. पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख. मग: 'निदान तपासण्यांच्या ३२,००० रुपयांवर प्रमाणशीर कपात लावून १६,००० रुपये कमी केले आहेत. आयआरडीएआयच्या निर्देशांनुसार निदान तपासण्या प्रमाणशीर कपातीस पात्र नाहीत. को-पे वजा जाता १४,४०० रुपये द्यावेत, अन्यथा पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली कपात केली ते लेखी कळवावं.' सोबत तपासण्यांची बिलं आणि सेटलमेंट लेटर जोडा. राग, उपकार, हप्ते किती वर्षं भरले, यातलं काही लिहू नका. वाचणाऱ्याला आकडा आणि कलम एवढंच लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्यात कार्यालय आहे, मुंबईतही आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

आणि एक राहिलं. तुमच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेच्या आधीच्या सोनोग्राफीची बाहेरची पावती आहे, पोटतज्ज्ञांच्या दोन भेटींच्या पावत्या आहेत, डिस्चार्जनंतरची औषधं आहेत. यातलं काहीच तुम्ही कंपनीला पाठवलेलं नाही. तुमच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस त्याच आजाराचा खर्च मिळतो. मी बेरीज केली, ११,३०० रुपये होतात. मूळ पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज समरीची प्रत लावून वेगळा दावा करा. साठावा दिवस पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला येतो. त्या आधी टाके पाहायला जाल तिथली पावतीही यात घालता येईल, म्हणून ती भेट ९ च्या आत घ्या.